संगणक उशिरा का सुरू होतो? एका गायरानाचा इतिहास

१/२३
घरचा संगणक सुरू व्हायला चार-पाच मिनिटे लागू लागली, की तो ‘जुना झाला’ असा निकाल दिला जातो. यंत्र मात्र तेच असते. प्रोसेसर काही वयोमानाने थकत नाही. मग पहिल्या वर्षी मिनिटभरात कामाला लागणारा संगणक तिसऱ्या वर्षी का रेंगाळतो? याचे उत्तर एखाद्या बिघाडात क्वचितच सापडते. ते गेल्या ७५ वर्षांच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास ठाऊक असला की दुरुस्तीची वाटही आपोआप दिसू लागते. #धागा

२/२३
मूळ पेच असा: संगणकाला काहीही करायचे, तर त्यासाठीची आज्ञावली स्मृतीत असावी लागते. पण ती आज्ञावली स्मृतीत आणून ठेवण्यासाठीसुद्धा आणखी एक आज्ञावली लागते. तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहून गेल्यासारखी ही अवस्था. स्वतःच्या बुटांचे पट्टे ओढून स्वतःलाच वर उचलण्याची अशक्य कसरत, असे याचे वर्णन इंग्रजीत झाले आणि त्यातूनच ‘बूट होणे’ हा शब्द आला. आज मराठी घरांतही तो सर्रास वापरला जातो.

३/२३
केंब्रिज विद्यापीठातील ‘एडसॅक’ या संगणकाने ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालवली. तिथे हा पेच डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने सोडवला. दूरध्वनी केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या फिरत्या स्विचांवर ३१ आज्ञा कायमच्या तारांनी जोडून ठेवल्या होत्या. बटण दाबताच त्या स्मृतीत उतरत आणि मग छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरची मोठी आज्ञावली वाचू लागत. संगणक सुरू करण्याचे सारे शास्त्र त्या वेळी ३१ ओळींत मावत होते.

४/२३
जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला ‘अल्टेअर ८८००’ मात्र याबाबतीत कोराच होता. मालकाने दर्शनी पट्टीवरची बटणे वरखाली करून सुरुवातीच्या आज्ञा अंकाअंकाने भरायच्या. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. या यंत्रासाठी लिहिलेली बेसिक भाषा दाखवायला पॉल ॲलन विमानाने अल्बुकर्कीला निघाले, तेव्हा ही आरंभीची आज्ञावलीच लिहायची राहिल्याचे त्यांच्या ध्यानात आले. विमान उतरण्यापूर्वी त्यांनी ती लिहून काढली.

५/२३
पुढची पिढी थेट दुसऱ्या टोकाला गेली. ॲपल-२ (१९७७), बीबीसी मायक्रो (१९८१) आणि सिंक्लेअर स्पेक्ट्रम (१९८२) यांच्यात मूळ आज्ञावली ‘रॉम’च्या चिपमध्ये कोरलेली असे. बटण दाबताच क्षणभरात यंत्र आज्ञा घ्यायला तयार. १९८४ मध्ये भारतीय शाळांसाठी सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पात आलेले संगणक हे बीबीसी मायक्रोच होते. कॅसेटवरून एखादा खेळ चढवायला कित्येक मिनिटे लागत, हे खरे. पण यंत्र स्वतः कधीच रेंगाळत नसे. कारण कोरलेल्या चिपमध्ये दुसऱ्या कुणाला भर घालता येत नव्हती. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

६/२३
१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम पीसी आला आणि पुढे दीर्घकाळ चाललेली साखळी रूढ झाली. चिपमधील ‘बायोस’ आधी यंत्राची तपासणी करी. मग डिस्कवरचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाची. तो तुकडा पुढच्या मोठ्या आज्ञावलीला हाक मारी. एकाने दुसऱ्याला उठवायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला. या पीसीला तारीखही स्वतःहून लक्षात राहत नसे. डॉस ती दर वेळी मालकाला विचारी. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ बसवले, तेव्हा ती विचारपूस थांबली.

७/२३
प्रतीक्षेचा हिशेब मांडण्याचा एक गाजलेला प्रसंग याच काळातला. मॅकिंटॉशच्या चमूतील अँडी हर्ट्झफेल्ड यांनी तो नोंदवून ठेवला आहे. ऑगस्ट १९८३ मध्ये स्टीव्ह जॉब्ज हे लॅरी केन्यन या अभियंत्याकडे गेले आणि यंत्र सुरू व्हायला फार वेळ लागतो, असे त्यांनी सुनावले. त्यांचे गणित असे: ५० लाख लोक रोज यंत्र सुरू करणार, प्रत्येकाचे १० सेकंद वाचले, तर दिवसाला ५ कोटी सेकंद वाचतील. वर्षभरात ही अनेक डझन आयुष्ये झाली!

८/२३
आकडेमोड तपासली, तर ७० वर्षांच्या आयुष्यात सुमारे २२० कोटी सेकंद असतात आणि वर्षभराची बचत १,८२५ कोटी सेकंदांची भरते. म्हणजे आयुष्ये वाचतात ती आठाच्या आसपास. ‘अनेक डझन’ ही जॉब्ज यांची नेहमीची अतिशयोक्ती. पण मुद्दा खोटा नव्हता. केन्यन यांनी पुढच्या काही महिन्यांत १० सेकंदांहून अधिक वेळ कमी करून दाखवला. एका माणसाला क्षुल्लक वाटणारा विलंब सगळ्यांचा मिळून केवढा होतो, हे या प्रसंगाने ठसवले.

९/२३
पीसीच्या दुनियेत वारे उलट दिशेने वाहत होते. डॉसमध्ये ‘कॉन्फिग डॉट सिस’ आणि ‘ऑटोएक्झेक डॉट बॅट’ अशा दोन साध्या फायली असत. यंत्र सुरू होताना काय काय चालवायचे, त्याची यादी त्यांत असे. आरंभाची सूत्रे प्रथमच मालकाच्या हाती आली. पण त्याच फायलींत माउसचा, ध्वनी-कार्डाचा, डिस्क दुप्पट करण्याचा दावा करणारा असा प्रत्येक नवा प्रोग्राम आपली एक ओळ घालून जाई. काढताना ती ओळ सोबत नेण्याचे सौजन्य मात्र सगळेच दाखवत नसत.

१०/२३
१९९३ च्या एमएस-डॉस ६.० मध्ये त्यावर एक सुरेख उतारा आला. सुरुवातीला एफ-५ दाबले, तर दोन्ही याद्या वगळून यंत्र सुरू होई. एफ-८ दाबले, तर ‘कॉन्फिग डॉट सिस’मधली प्रत्येक ओळ चालवण्यापूर्वी ‘हो की नाही’ अशी विचारणा होई. सगळे बंद करून पाहा; दोष गेला, तर एकेक चालू करत दोषी पकडा. आजचे तंत्रज्ञ ज्याला ‘क्लीन बूट’ म्हणतात, ती पद्धत हीच. साधने बदलली, पण निदानाची रीत तीस वर्षांत बदललेली नाही.

११/२३
१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि नऊच दिवसांनी, २४ ऑगस्टला, विंडोज ९५ बाजारात आले. त्यात ‘स्टार्टअप’ नावाचे दिसणारे फोल्डर होते. पण खरी यादी होती ‘रजिस्ट्री’ नावाच्या कोठारात. डॉसची यादी कुणीही उघडून वाचू शकत असे. ही नवी यादी मात्र सामान्य मालकाच्या नजरेआड गेली. प्रोग्रामांना तिथे शिरणे सोपे आणि मालकाला ते पाहणे अवघड, अशी उलटी व्यवस्था झाली.

१२/२३
मग सुरू झाली एक विलक्षण चढाओढ. ऑफिस ९७ आपला ‘फाइंड फास्ट’ आरंभालाच चालू करून ठेवी, म्हणजे दस्तऐवज पटकन सापडावेत. ॲडोबी रीडरने ‘स्पीड लाँच’ आणला, म्हणजे पीडीएफ झटकन उघडावी. प्रिंटर, मेसेंजर, गाणी वाजवणारे प्रोग्राम, सगळ्यांनी हाच मार्ग धरला. प्रत्येक जण स्वतःपुरता जलद झाला. त्या प्रत्येकाच्या वेगाची किंमत संगणकाच्या पहिल्या पाच मिनिटांनी मोजली.

१३/२३
गावाच्या गायरानाचे असेच होते. एक गुरे जास्त सोडली, तर लाभ सोडणाऱ्याचा आणि तोटा साऱ्या गावाचा. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे गायरान उजाड होणे अटळ मानले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र जगभरच्या प्रत्यक्ष उदाहरणांवरून दाखवले, की कोण किती चारतो यावर नजर असेल आणि नियम गावाने पाळले, तर गायरान टिकते. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. संगणकाच्या आरंभकाळात मात्र त्या वेळी अशी नजर ठेवणारे कुणीच नव्हते.

१४/२३
या गर्दीचा भार पडे तो हार्ड डिस्कच्या यांत्रिक हातावर. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची, हवी ती जागा खाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते. हात सरकायला आणखी सुमारे ९. म्हणजे विखुरलेली एक नोंद वाचायला साधारण १३ मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम ७५ नोंदी. सुरू होताना अशा १०,००० नोंदी वाचायच्या झाल्या, तर दोन मिनिटांहून अधिक काळ नुसत्या हाताच्या येरझाऱ्यांत जातो आणि प्रोसेसर वाट पाहत बसतो.

१५/२३
खरा असमतोल इथे आहे. १९८३ च्या आयबीएम पीसी-एक्सटीमध्ये वापरलेली १० मेगाबाइटांची सीगेट डिस्क हवी ती जागा शोधायला सरासरी ८५ मिलिसेकंद घेई. २००७ मध्ये हिताचीची १ टेराबाइट डिस्क आली. साठवण एक लाख पटीने वाढली. शोधण्याचा वेग मात्र जेमतेम दहापट. कोठार अवाढव्य झाले, पण धान्य आणणारा हमाल एकच राहिला. म्हणूनच केवळ वेगवान प्रोसेसर घेऊन संगणक लवकर सुरू होत नसे.

१६/२३
ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने या हमालाचे काम सोपे करण्याचा प्रयत्न केला. आरंभी कोणत्या फायली लागतात याची नोंद ‘प्रीफेच’ फोल्डरमध्ये ठेवायची आणि पुढच्या वेळी त्या ओळीने, एकदम वाचायच्या. गंमत अशी, की ‘प्रीफेच रिकामे करा, संगणक जलद होईल’ हा सल्ला पुढे सर्वत्र पसरला. प्रत्यक्षात तसे केल्यावर पुढची सुरुवात अधिकच हळू होत असे, कारण वाट दाखवणारी नोंदच पुसली जाई. ‘एमएसकॉन्फिग’मध्ये प्रोसेसरची संख्या वाढवून देण्याचा सल्लाही तसाच पोकळ, विंडोज मुळातच सगळे प्रोसेसर वापरते.

१७/२३
महाराष्ट्रात हा काळ लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेल्या संगणकांचा, २००१ नंतर गावोगावी पोहोचलेल्या एमएस-सीआयटीच्या वर्गांचा आणि भारनियमनाचा. वीज जाई-येई तसा संगणक दिवसातून अनेकदा नव्याने सुरू करावा लागे. संथपणावर सगळीकडे एकच औषध असे: ‘फॉरमॅट मारा.’ ते लागूही पडे, कारण फॉरमॅटने सारे गायरान एका फटक्यात रिकामे होई. पण रोग न ओळखता दिलेले हे औषध होते. काही महिन्यांनी गुरे परत येत. मधल्या मधे लग्नाचे, बारशाचे फोटो आणि वर्षांची कागदपत्रे मात्र कायमची जात.

१८/२३
अज्ञानाचा बाजारही मोठा होता. अमेरिकेत ऑफिस डेपो या साखळी दुकानांत ‘पीसी हेल्थ चेक’ नावाची तपासणी होई. आरंभी ग्राहकाला चार प्रश्न विचारत. त्यांतला एक, संगणक हळू चालतो का? चारपैकी एकाही प्रश्नाला ‘हो’ म्हटले, की तपासणीत काही सापडो न सापडो, घातक सॉफ्टवेअरची लक्षणे असल्याचा अहवाल निघे आणि महागडी दुरुस्ती गळ्यात मारली जाई. मार्च २०१९ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून ऑफिस डेपो आणि सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी यांनी एकूण ३.५ कोटी डॉलर भरले.

१९/२३
उलट, खरे काम केले ते मोजणाऱ्यांनी. विंडोज ९८ मधील ‘एमएसकॉन्फिग’ने आरंभीची यादी पुन्हा मालकापुढे ठेवली. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या ‘ऑटोरन्स’ने दाखवले, की प्रोग्राम शिरण्याच्या वाटा त्या यादीहून कितीतरी अधिक आहेत. लिनक्सच्या जगात ओवेन टेलर यांनी २००४ मध्ये आव्हान दिले: आरंभाच्या प्रत्येक क्षणी काय चालते, याचे चित्र काढा. झिगा माखोवेत्स यांनी ‘बूटचार्ट’ लिहून ते पेलले. वेळ कुठे जातो, हे आता एका आलेखात दिसू लागले.

२०/२३
त्या पद्धतीचा कळस सप्टेंबर २००८ मध्ये दिसला. इंटेलचे आर्यान फान डे वेन आणि आउके कोक यांनी ‘ईईई पीसी’ हा साधा, स्वस्त लॅपटॉप पाच सेकंदांत सुरू करून दाखवला. त्यांनी ‘थोडे जलद करू’ असे म्हटले नाही, अंदाजपत्रकच मांडले. कर्नलला १ सेकंद, प्राथमिक सेवांना १, चित्रप्रणालीला १, डेस्कटॉपला २. बसेल ते राहील, न बसेल ते जाईल. त्या काळच्या एका प्रसिद्ध लिनक्स वितरणात यंत्राला स्वतःशीच जोडणारी आभासी जोडणी सुरू करण्यात तब्बल एक सेकंद जातो, हे त्यांना याच मोजदादीत आढळले.

२१/२३
मग यांत्रिक हात नसलेल्या एसएसडी घरोघरी आल्या. शोध मिलिसेकंदांतून त्याच्या दहाव्या-शंभराव्या भागांत आला. २०१२ मधील विंडोज ८ काही यंत्रांवर सात सेकंदांत सुरू होई. एफ-८ दाबायला उरलेली फट २०० मिलिसेकंदांहून कमी. माणसाचा हात तेवढा चपळ नसल्याने ती कळच मुळात गैरलागू ठरली. त्याच आवृत्तीत टास्क मॅनेजरमध्ये आरंभीचा प्रत्येक प्रोग्राम किती भार टाकतो, ते ‘कमी, मध्यम, जास्त’ असे दिसू लागले. गायरानावर अखेर सर्वांना वाचता येईल अशी नोंदवही आली.

२२/२३
या इतिहासातूनच निदानाचा क्रम मिळतो. घड्याळ लावून तीन टप्पे मोजावेत.
विंडोजचे चिन्ह येण्यापूर्वीच वेळ जात असेल, तर तो १९८१ चा वारसा: बायोस, आरंभाचा क्रम, लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह.
चिन्हापासून डेस्कटॉपपर्यंत वेळ जात असेल, तर ड्रायव्हर, सेवा किंवा डिस्क.
डेस्कटॉप दिसल्यावर रेंगाळत असेल, तर १९९५ चा वारसा: आरंभीची यादी. ती टास्क मॅनेजरमध्ये उघडून अनावश्यक नावे बंद करावीत, एका वेळी एकच, आणि पुन्हा मोजावे.
विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ हे बहुधा पूर्ण बंद होणे नसते; फास्ट स्टार्टअपमुळे कर्नलची अवस्था डिस्कवर जपली जाते. संपूर्ण नवी सुरुवात हवी, तर ‘रीस्टार्ट’ करावे.

२३/२३
एक अपवाद मात्र गंभीर आहे. यादी छोटी असूनही संगणक अचानक फार हळू झाला, डिस्क सतत पूर्ण व्यग्र दिसू लागली किंवा तिच्यातून टकटक ऐकू आली, तर ती डिस्क निकामी होत असू शकते. खराब जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहण्यात तिचा वेळ जातो. १९९० च्या दशकापासून डिस्कमध्ये ‘स्मार्ट’ नावाची स्वतःच्या प्रकृतीची नोंद असते, ती पाहावी. पण त्याही आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. फॉरमॅट, नवी डिस्क, नवे यंत्र हे सारे निर्णय त्यानंतरचे.